सांडलेले खाद्य नगण्य

ताईच्या केसपेपरवर अकरा वेळा ‘प.मो.’ लिहिलेलं आहे. लाल शाईत, उजव्या कोपऱ्यात, तारखेच्या खाली. बावीस वर्षांत अकरा वेळा. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा ताईने खिडकीपलीकडच्या बाईंना विचारलं होतं, “हे प.मो. म्हणजे काय हो?” बाई म्हणाल्या, “आमची आतली खूण आहे.” घरी आल्यावर भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, उलगडा करून टाकला, “परम मोठी!” सगळे हसले. ताईही हसली.

प.मो. म्हणजे ‘पथ्य मोडले’. त्या खोलीत हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तेही हसलं होतं. ती ताईची धाकटी बहीण.

धाकटी आज बावन्न वर्षांची आहे. सरकारी संशोधन संस्थेत चयापचय विभागाची प्रमुख आहे. हाताखाली चौदा माणसं आणि नऊशे उंदीर आहेत. घरी मात्र ती अजून धाकटीच, आणि या हकिकतीतही तिला तेच म्हटलेलं बरं, कारण जे घडलं त्यात तिच्या हुद्द्याचा काही मोठेपणा नाही.

पथ्य मोडलं की नाही, हे दवाखान्यात असं ठरतं. रुग्णाने पंधरा दिवस जे जे तोंडात घातलं ते वहीत लिहायचं. मग डॉक्टर त्याच्या वजनावरून एक आकडा काढतात : एवढं वजन अंगावर आहे म्हणजे माणूस एवढं खात असणारच. वहीतला आकडा त्यापेक्षा पाव हिश्शाने कमी भरला, तर रुग्ण खोटं लिहितो. लाल शाई. पुढचा रुग्ण.

त्यातलं ‘असणारच’ एका शोधनिबंधातून आलं. निबंध सरांचा. सर म्हणजे धाकटीचे गुरू, संस्थेचे माजी संचालक, आता मानद सल्लागार. चरबीतून एक संप्रेरक रक्तात जातं आणि मेंदूला साठ्याची खबर देतं. ते संप्रेरक जन्मापासून नसलेले उंदीर सरांनी वाढवले. साधा उंदीर दिवसाला चार ग्रॅम खायचा, हे सहा. निष्कर्ष सोपा होता : खबर पोचत नाही म्हणून ते दीडपट खातात, दीडपट खातात म्हणून फुगतात. सरांनी जगभर भाषणं दिली. प्रत्येक भाषणाचा शेवट एकाच वाक्याने व्हायचा, “चरबी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो!” त्यावर टाळ्या पडायच्या. धाकटीनेही वाजवल्या आहेत, पहिल्या रांगेत बसून.

ते चार आणि सहा ग्रॅम तिनेच तोलले होते. तेव्हा ती सव्वीस-सत्तावीसची होती. पिंजऱ्याच्या झाकणातल्या जाळीत खाद्याच्या कांड्या ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी उरलेल्या तोलायच्या. घातलं वजा उरलं बरोबर खाल्लं. पहिली इयत्ता पास झालेल्या पोराला येईल अशी वजाबाकी. आठ महिने, रोज, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

आता त्या वजाबाकीशी ताईचा खुबा येऊन भिडला होता.

खुब्याचा सांधा पार झिजला होता. दोन वर्षं ताई वॉकरच्या चौकटीचा आधार घेऊन चालत होती, आणि गेल्या हिवाळ्यापासून पलंग ते न्हाणीघर एवढंच. हाडांचे डॉक्टर म्हणाले, वीस किलो उतरवा, मग सांधा बदलू. एकशे अठरा किलोला भूल देणार नाही. आणि उशीर केलात तर बदलण्यासारखं काही उरणार नाही. त्याच सुमारास धाकटीच्या संस्थेत ते संप्रेरक इंजेक्शनच्या रूपात तयार झालं. चाळीस माणसांवर चाचणी होणार होती. नव्या तपासणीत ताईच्या रक्तात ते संप्रेरक जवळजवळ नव्हतंच. चाळिसांत पहिलं नाव तिचं हवं. पण चाचणीचा नियम दोन असा होता : ‘तीन वा अधिक वेळा प.मो. असलेल्यांना वगळावे.’ हे नियम आणि वगळायच्यांची यादी गुरुवारी मंजुरीसाठी समितीपुढे जायची होती, आणि यादीवर विभागप्रमुखाची सही लागत होती.

“म्हणजे तू मला काढणार,” ताई फोनवर म्हणाली.

“ताई, मी नाही. नियम आहे.”

“नियमाला बहीण नसते ना. तुला आहे.”

धाकटीने फोन ठेवला आणि ठरवलं की आपण निःपक्षपाती आहोत. असं ठरवायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. तिला वाटत होतं की ताई खरंच चोरून खाते. बावीस वर्षं वाटत होतं.

दवाखान्यात पहिली लाल खूण पडली त्याच महिन्यात, ताई आंघोळीला गेली असताना, धाकटीने तिच्या स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं होतं. तांदळाच्या डब्यामागे पाहिलं, पिठाच्या डब्यात हात घातला, वरच्या फळीवरची पातेली उतरवली. सापडली ती फक्त आहाराची वही. तिच्यात लिहिलं होतं, ‘साखर अर्धा चमचा, चहात, शेजारणीकडे. नको म्हणायचं राहिलं.’ मागे वळली तर ताई ओल्या केसांनी दारात उभी.

“काही सापडलं का?” ताईने विचारलं.

धाकटी म्हणाली, “मीठ शोधत होते.” मीठ ओट्यावर होतं. त्यानंतर दोघींनी हा विषय कधी काढला नाही.

सोमवारी धाकटी तळघरात उतरली, ती ताईसाठी नव्हे. एक यंत्र तिला छळत होतं.

महिन्यापूर्वी नवे पिंजरे आले होते. त्यांना तळाशी भुसा नसतो, जाळी असते. जाळीखाली ताटली, ताटलीखाली काटा. खाल्लेलं, सांडलेलं, सगळं वेगळं तोललं जातं. सरांचे उंदीर, निळ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांतले, त्यात ठेवले, आणि सहा ग्रॅमच्या जागी आकडा आला चार पूर्णांक तीन. सगळे म्हणाले यंत्र बिघडलंय. धाकटीनेही कंपनीला दोन खरमरीत पत्रं लिहिली. कंपनीचा माणूस आला, काट्यावर दहा ग्रॅमचं वजन ठेवलं. काटा म्हणाला दहा. माणूस म्हणाला, “मॅडम, यंत्र ठीक आहे. तुमचे उंदीर तपासा.” आणि चहा न घेता गेला.

उंदीर तपासायचे तर भुसामामांना विचारायला हवं. पिंजऱ्यांतला भुसा बदलणं हे त्यांचं काम, म्हणून नाव भुसामामा. सव्वीस वर्षं त्या तळघरात. धाकटी त्यांना रोज “काय मामा, ठीक?” एवढंच विचारायची आणि उत्तर यायच्या आत पुढे जायची.

“मामा, नव्या पिंजऱ्यातले निळ्या चिठ्ठीचे उंदीर आजारी आहेत का? कमी खातायत.”

“कमी कुठे? खातात तेवढंच खातात. गारठलीयत बिचारी.”

“गारठलीयत?”

“हात लावून बघा की. ही जात मुळात गार. इतर उंदीर कसे तळहातावर उबदार लागतात, हे म्हणजे फ्रीजमधनं काढलेलं वांगं. म्हणून तर रास करतात ना.”

“कसली रास?”

मामांनी तिच्याकडे असं पाहिलं जसं पोहण्याच्या मास्तरनेच पाणी ओलं असतं का विचारल्यावर पाहावं. “चुऱ्याची! कांडी कुरतडायची, खायची नाही, खाली पाडायची. भुशात मिसळायची आणि त्यात शिरून बसायचं, अंथरुणात बसल्यासारखं. थंडी वाजते हो त्यांना. मी त्यांना भुसाही मूठभर जास्त घालतो. आता तुमच्या त्या जाळीवर रास कशी होणार? सगळं खाली. अंथरूण काढून घेतलंत तुम्ही त्यांचं.”

धाकटी शेजारच्या खोलीत गेली. तिथे जुने पिंजरे होते. तिने स्वतः एकाचं झाकण काढलं. कोपऱ्यात भुशाचा ढिगारा, मध्ये खळगा, खळग्यात गोळा होऊन बसलेला उंदीर. तिने ढीग बोटांनी चाचपला. भुसा हलका असतो. हा हलका नव्हता.

“हे असं कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“मामा, तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?”

“कुणी विचारलं?” मग मामा जरा चपापले. “मॅडम, एक सांगतो, तक्रार करू नका. मी तो भुसा चाळतो. चुरा घरी नेतो, कोंबड्यांना. टाकूनच द्यायचा असतो ना. निळ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांतनं रोज वाटीभर निघतो, बाकीच्यांतनं चिमूटभर. पंचवीस वर्षं कोंबड्या पोसल्यात मी तुमच्या शास्त्रावर.”

धाकटी तिथेच, पोत्यावर बसली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत उंदरांच्या नावावर जे खाणं चढलं होतं ते मामांच्या कोंबड्यांनी खाल्लं होतं.

आणि तिला ताईचा स्वेटर आठवला. भर उन्हाळ्यात घातलेला, कोपरावर विरलेला करडा स्वेटर. ताई नेहमी म्हणायची, “मला थंडी वाजते.” भावजी म्हणायचे, “एवढी गादी अंगावर असून?” दवाखान्यातले म्हणायचे, “आळस आहे, हालचाल करा.” धाकटीच्या लेखी ते मोजण्याजोगं नव्हतं.

तीन दिवस तिने मामांबरोबर भुसा चाळला. दहा पिंजरे निळे, दहा साधे. चुरा वेगळा, भुसा वेगळा, लेंड्या वेगळ्या. साध्या उंदराचं दिवसाला सांडलेलं ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढं. निळ्यांचं एक पूर्णांक सहा. सहातून एक पूर्णांक सहा गेले, उरले चार पूर्णांक चार. फुगलेले उंदीर साध्यांपेक्षा थोडंच जास्त खात होते. ते खाल्लेलं जाळतच नव्हते. त्यांच्या अंगात ऊब नव्हती.

बुधवारी दुपारी तिने नव्या आकड्याने ताईच्या अकरा वह्यांचा हिशेब पुन्हा मांडला. दवाखान्याला हवा असलेला आकडा आणि ताईने लिहिलेला आकडा यांत दोन-चार चमचे भाताचा फरक राहिला. अकराही वेळा. शेजारणीच्या घरच्या अर्ध्या चमचा साखरेसकट ताईने खरं लिहिलं होतं.

कागद घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी खोली त्यांचीच होती. भिंतीवर मानपत्रं, टेबलावर पितळेचा उंदीर.

सरांनी सगळं वाचलं. सर मूर्ख कधीच नव्हते. त्यांना दुसऱ्याच पानावर कळलं.

“छान काम आहे,” ते म्हणाले. “वेगळा निबंध कर. ‘काही उंदरांमध्ये कुरतडण्याची सवय.’ मी प्रस्तावना लिहितो.”

“सर, ही सवय नाही. ही आपली चूक आहे. उद्या समितीत नियम दोन येतोय. तो याच आकड्यावर उभा आहे.”

“नियम उद्या मंजूर होऊ दे. वर्षभराने दुरुस्त करू. शास्त्र असंच पुढे जातं, पोरी. हळूहळू.”

“शास्त्र जाईल हळूहळू. माझ्या बहिणीला पलंगावरून उठता येत नाहीये.”

“अच्छा.” सर खुर्चीत मागे रेलले. “म्हणजे बहिणीचं आहे तर. मग समितीला तेच दिसेल. विभागप्रमुख, बहीण यादीत बाद, आणि आदल्या दिवशी अचानक शोध लागला. भुसेवाल्याकडून!” ते हसले. “लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. आपण सांडलेलं मोजलं नाही, सर. छापायच्या आधी परीक्षकाने विचारलं होतं, सांडलेल्या खाद्याचं काय केलं. तुम्ही मला तळटीप सांगितलीत. आठवतं?”

आठवत होतं. पान सात, तळटीप चार : ‘सांडलेले खाद्य नगण्य.’ तीन शब्द.

“नगण्य म्हणजे दुर्लक्ष करण्याइतकं कमी,” सर म्हणाले.

“ते कमी आहे हे कुणी पाहिलं होतं? नगण्य म्हणजे न गणलेलं, सर. आपण गणलं नाही आणि गणण्यासारखं नव्हतं असं छापलं.”

“आता मला भाषा शिकवणार तू?” सरांचा आवाज पहिल्यांदा चढला. त्यांनी खणातून जुनी प्रयोगवही काढली आणि टेबलावर टाकली. ती त्यांनी इतकी वर्षं हाताशी का ठेवली होती, हे धाकटीला त्या क्षणी कळलं. “बघ. कांड्या कुणी तोलल्या? तळटिपेचा कच्चा मसुदा कुणाच्या हातचा? माझं एक अक्षर आहे यात? मी वरिष्ठ होतो. माझ्या माणसावर विश्वास ठेवला, एवढाच माझा दोष. बुडायचं असेल तर जरूर बूड. पण एकटी बुडशील.”

धाकटीने वही उचलली. अक्षर तिचंच होतं, गोल, टापटिपीचं. अशा अक्षराने लिहिलेलं कुणालाही खरं वाटावं.

“ही मी नेते,” ती म्हणाली.

“ती संस्थेची मालमत्ता आहे!”

“मीही आहे,” धाकटी म्हणाली आणि बाहेर पडली.

गुरुवारी अकराला समिती बसली. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांना चयापचयातलं फारसं कळत नव्हतं, पण साक्ष कळत होती. धाकटीने यादीवर सही केली नाही. प्रयोगवही पुढे ठेवली, शेजारी तीन दिवसांचे आकडे, शेजारी मामांची वाटी, तिच्यात एका निळ्या पिंजऱ्याचा तीन दिवसांचा चुरा.

“पहिली गोष्ट,” ती म्हणाली, “वगळायच्या यादीत माझी सख्खी बहीण आहे. हे कुणी नंतर शोधून काढायला नको. दुसरी गोष्ट, नियम दोन ज्या आकड्यावर उभा आहे तो चुकीचा आहे. आणि तो मी मोजला होता.”

सर म्हणाले, “तरुण वयातला निष्काळजीपणा. मला तेव्हा कल्पना असती तर—”

“तळटीप कुणाची?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“अक्षर माझं,” धाकटी म्हणाली. “शब्द सरांचे. पण सही करताना मला विचारता आलं असतं की हे कुणी पाहिलं. मी विचारलं नाही. मामांनाही विचारलं नाही. ते वीस पावलांवर होते.”

“तुमच्या बहिणीचा फायदा होणार म्हणून आम्ही यावर विश्वास ठेवू नये, असं कुणी म्हटलं तर?”

“तर ठेवू नका. पिंजरे खाली आहेत. चाळणी मामांकडे आहे. वीस मिनिटं लागतात.”

अध्यक्षबाई उठल्या. तळघरात गेल्या, स्वतः भुसा चाळला, काट्यावरचा आकडा स्वतः वाचला. बाकीचे जिन्यात रुमाल नाकाला लावून उभे होते. सर वरच थांबले. वर येऊन बाईंनी नियम दोनवर एक आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, “या नियमामुळे बाद झालेले सत्तावीस जण परत बोलवा. आणि चौकशी होईल. तुमचीसुद्धा.”

“माझ्यापासूनच सुरू करा,” धाकटी म्हणाली. निबंध मागे घेण्याचं पत्र तिने त्याच दुपारी पाठवलं. सरांनी त्यावर सही केली नाही. ते अजून करत नाहीत. चौकशी संपेपर्यंत विभाग पुढच्या बुधवारपासून दुसऱ्याकडे सोपवला गेला, आणि सोळा दिवसांत तिच्या दारावरची पाटीही निघाली.

ताईला बोलावणं गेलं. भावजींनी पत्र वाचून दाखवलं, आणि पहिल्यांदाच त्यांना त्यावर काही विनोद सुचला नाही. ताईने विचारलं, “म्हणजे मी खरं लिहीत होते हे आता त्यांना कळलं?”

“हो,” धाकटी म्हणाली. “सोमवारी इंजेक्शन—”

“इंजेक्शन घेईन. आधी मला ते केसपेपर दाखव.”

सोमवारी सकाळी तिघं, ताई दोघांच्या खांद्यांवर भार देत, दवाखान्याच्या नोंदणीखोलीत गेली. तिथल्या कारकुनाने फाइल काढून दिली आणि बजावलं, “खाडाखोड चालणार नाही. नोंद ती नोंद.”

“खाडाखोड नाही,” धाकटी म्हणाली. “शेरा लिहायचा आहे. चाचणीतल्यांच्या नोंदी पडताळण्याचा अधिकार मला अजून बुधवारपर्यंत आहे.”

अकरा वेळा तिने लाल खुणेखाली निळ्या शाईत लिहिलं : ‘वही खरी होती. चूक मोजणाऱ्याची.’ खाली सही आणि तारीख. ताई समोरच्या बाकावर, करड्या स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून बसली होती आणि एकेक पान उलटताना पाहत होती. सहाव्या पानाला धाकटीचं अक्षर ढासळलं.

“सावकाश,” ताई म्हणाली. “मला घाई नाही. बावीस वर्षं आहेत माझ्याकडे.”

अकरावी सही झाली. धाकटीने पेनाला टोपण लावलं.

“कपाटात काही सापडलं होतं का तुला?” ताईने विचारलं.

कारकुनाने मान वर केली. भावजी खिडकीबाहेर बघू लागले.

“नाही, ताई.”

“मग तेही लिही.”

“कुठे लिहू?”

“मागे कोरं पान आहे.”

धाकटीने टोपण काढलं. केसपेपरच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलं की बावीस वर्षांपूर्वी, एका रविवारी सकाळी, रुग्णाच्या स्वयंपाकघरातलं कपाट तिच्या नकळत तपासलं, तांदूळ, पीठ आणि वरची फळी पाहिली, काही सापडलं नाही. खाली पुन्हा सही केली आणि फाइल ताईच्या हातात दिली.

ताईने चष्मा लावला. ओठ हलवत, सगळं शब्द न् शब्द वाचलं. मग फाइल परत पुढे सरकवली.

“मंगळवार होता,” ती म्हणाली. “नीट लिही.”